कुत्र्याने किडा खाल्ला तर : ऊसतोड कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती

सुरत जिल्ह्यातील कामरेज हा तापी नदीकाठचा तालुका होय. काकरापार बंधारा आणि १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांमुळे या परिसरात बारमाही पाणी खेळू लागले व उसाचे क्षेत्र वाढले. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील, तसेच डांगातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन या भागात उतरतात. कालव्याच्या कडेला किंवा पडीक रानात कोप्या उभ्या राहतात. बैल, भांडीकुंडी, लहान मुले यांच्याबरोबर घरचे कुत्रेही पुष्कळदा आलेले असते. दिवसभर मोठी माणसे फडात असताना कोपीची, बैलांच्या दावणीची आणि मागे राहिलेल्या मुलांची राखण तेच करते.

अशा मुक्कामावर एक प्रसंग नेहमी घडतो. तिन्हीसांजेला कुत्रे पाचटात काहीतरी हुंगते, झडप घालते, मटकन गिळते आणि लगेच तोंडावर पंजे मारू लागते. तोंडातून लाळ गळते. घरातील माणूस धावत येतो, दोन्ही हातांनी कुत्र्याचा जबडा फाकतो आणि घशात काय अडकले आहे ते पाहण्यासाठी बोटे आत घालतो. हेतू मायेचाच असतो. तथापि किड्याने कुत्र्याला होणाऱ्या अपायापेक्षा या एका कृतीने माणसाला होऊ शकणारा अपाय कितीतरी मोठा आहे. तो कसा, आणि अशा वेळी नेमके काय करावे, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असणे अगत्याचे आहे.

किडा खाणे हा कुत्र्याचा स्वभाव

हलणारी वस्तू पकडणे ही कुत्र्याची उपजत वृत्ती आहे. नाकतोडे, रातकिडे, झुरळे, माश्या, पहिल्या पावसानंतर बाहेर पडणारी पंखाची वाळवी हे सर्व कुत्री आवडीने खातात. निरोगी कुत्र्याच्या पोटात हे किडे सहज पचतात. फार झाले तर कठीण पंख व पाय न पचल्याने एखादी उलटी होते. कुत्रे खेळते-खाते असेल, पाणी पीत असेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा असेल, तर कोणताही उपाय करण्याची गरज नसते. स्वच्छ पाणी समोर ठेवावे आणि लक्ष असू द्यावे, एवढेच पुरे.

ज्या किड्यांपासून धोका संभवतो, त्यांचे चार गट पडतात. पहिला गट दंश करणाऱ्या किड्यांचा, दुसरा अंगात दाह उत्पन्न करणारा पदार्थ असलेल्यांचा, तिसरा औषध फवारणीमुळे विषारी झालेल्यांचा आणि चौथा पोटात कृमी नेणाऱ्यांचा.

दंश करणारे किडे

सातेरी व आग्या मोहोळाच्या माश्या आणि गांधीलमाश्या यांचा या गटात समावेश होतो. मधमाशीचा काटा दंशाच्या जागी रुतून राहतो व त्याला जोडलेल्या पिशवीतून काही काळ विष आत जात राहते. गांधीलमाशीचा काटा तुटत नाही. ती पुन्हा पुन्हा दंश करू शकते. दंश ओठावर अथवा नाकावर झाला असेल तर सूज येते व काही तासांत ओसरते. ओठाबाहेर काटा स्पष्ट दिसत असेल आणि कुत्रे शांत असेल, तर तो चिमटीत न धरता जाड पुठ्ठ्याच्या किंवा बोथट पट्टीच्या कडेने खरवडून काढावा. चिमटीत धरल्याने पिशवी दाबली जाऊन उरलेले विषही आत जाण्याचा संभव असतो. थंड पाण्याची पट्टी बाहेरून ठेवावी व थंड पाणी पिण्यास द्यावे.

दंश जिभेच्या मुळाशी अथवा घशात झाला तर सूज येऊन श्वासमार्ग अडतो. काही कुत्र्यांना एकाच दंशाची तीव्र प्रतिक्रिया येते. पहिला अर्धा ते एक तास यास्तव महत्त्वाचा असतो. श्वास घेताना घरघर आवाज येणे, संपूर्ण चेहरा सुजणे, पाठोपाठ उलट्या व जुलाब होणे, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर पडणे, कुत्रे लडखडून खाली बसणे, यांपैकी एक जरी चिन्ह दिसले तरी क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यकाकडे न्यावे. या अवस्थेवर उपयोगी पडणारी इंजेक्शने पशुवैद्यकाजवळ असतात; घरगुती इलाज त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. मोहोळ उठून पुष्कळ माश्यांनी दंश केला असेल, तर बाहेरून कुत्रे बरे दिसले तरी त्याला दवाखान्यात दाखवावे.

विंचू हा शास्त्रदृष्ट्या कीटक नव्हे; पण पाचटाखाली, दगडाखाली आणि कोपीच्या आडोशाला तो हमखास आढळतो व कुत्रे त्याच्यावरही झडप घालते. दंशाच्या वेदनेने कुत्रे विव्हळते, लाळ गाळते, थरथरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी माणसातील विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करून अनेकांचे प्राण वाचविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते औषध रक्तदाब उतरविणारे असल्याने माणसासाठी आणलेल्या गोळ्या आपल्या मनाने कुत्र्याला देणे धोक्याचे ठरेल.

केसाळ अळ्या व हिंगे

केसाळ अळीचे बारीक केस जिभेत व हिरड्यांत रुततात. कुत्रे तोंड जमिनीवर घासते, लाळेचा फेस येतो. अशा वेळी कुत्र्याची मान खाली ठेवून ओठाच्या कडेवर बाहेरून पाण्याची बारीक धार सोडावी, म्हणजे काही केस वाहून जातात. पाण्याचा झोत घशाकडे जाता कामा नये; ते फुप्फुसात शिरण्याची भीती असते. लाळ तासाभरात कमी झाली नाही, तर पशुवैद्यकास दाखवावे.

बाजरी, मूग, तूर या पिकांच्या फुलोऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस येणारे हिंगे हे भुंगेरे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. यांच्या अंगातील द्रव कातडीला लागला तरी फोड येतात. ते पोटात गेल्यास तोंडाला, आतड्याला व मूत्रमार्गाला दाह होतो. लघवी वारंवार होणे किंवा तीत रक्त दिसणे हे यातील मुख्य लक्षण होय. असे कुत्रे त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

औषधाने मेलेला किडा

किड्याचे स्वतःचे विष थोडे असते. पण त्याच्या अंगावर माणसाने टाकलेले विष पुष्कळ असू शकते. ऊस पिकविणाऱ्या गावांत याचे उत्तम उदाहरण हुमणीचे आहे. पहिला वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाला खाण्यास जमतात. फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडणे व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारणे हा जुना, सुरक्षित उपाय आहे. काही ठिकाणी मात्र झाडांवर कीटकनाशक फवारले जाते. सकाळी झाडाखाली मेलेल्या व अर्धमेल्या भुंगेऱ्यांचा सडा पडतो आणि कुत्री व कोंबड्या तो वेचून खातात. दाणेदार औषध टाकलेल्या उसातील किडे, घरात झुरळांसाठी व मुंग्यांसाठी टाकलेल्या भुकटीत लडबडलेले किडे, यांचाही धोका याच जातीचा आहे. औषध जितके तीव्र आणि खाल्लेले किडे जितके अधिक, तितका धोका अधिक.

विषबाधेची लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून काही तासांत दिसू लागतात. लाळ व डोळ्यांतून पाणी वाहणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलटी, जुलाब, नकळत लघवी होणे, अंगाचे स्नायू फडफडणे, झटके येणे आणि श्वास कष्टाने चालणे ही ती लक्षणे होत. अशा वेळी कुत्र्याबरोबरच औषधाचा डबा, पिशवी किंवा वेष्टण दवाखान्यात न्यावे. कीटकनाशक कायदा १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक डब्यावर विषारीपणा दर्शविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्याहून कमी विषारी. डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकावर उताराही छापलेला असतो. हे वेष्टण पाहिल्याने पशुवैद्यकास योग्य उपचार ठरविता येतो व मोलाचा वेळ वाचतो.

फवारणीनंतर झाडाखालचे मेलेले किडे गोळा करून खोल पुरावेत आणि निदान त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी कुत्री बांधून ठेवावीत.

पोटात कृमी नेणारे किडे

या गटातील अपाय लगेच दिसत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. पिसू हे याचे पहिले उदाहरण. कुत्र्याच्या अंथरुणातील व धुळीतील पिसवांच्या अळ्या पट्टकृमीची अंडी खातात. तीच अळी पुढे पिसू होते. अंग चावताना कुत्रे ती पिसू गिळते व कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. कुत्र्याच्या गुदद्वाराभोवती किंवा बसण्याच्या जागी काकडीच्या बियांसारखे पांढरे, कधी वळवळणारे तुकडे दिसतात, ते या कृमीचेच होत. कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात अशी पिसू गेली तर मुलालाही हा कृमी होऊ शकतो. केवळ जंताचे औषध देऊन येथे भागत नाही. पिसवांचा बंदोबस्त न झाल्यास महिन्याभरात कृमी पुन्हा दिसू लागतात. कुत्र्याची बसण्याची जागा झाडून स्वच्छ ठेवावी, पोते किंवा गोधडी उन्हात वाळवावी व पिसवांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.

दुसरे उदाहरण शेणाच्या गोळ्या ढकलत नेणाऱ्या भुंग्याचे. या भुंग्याच्या पोटात असलेली एका गोलकृमीची पिले कुत्र्याच्या शरीरात शिरतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून प्रवास करीत अन्ननलिकेपाशी पोहोचतात आणि काही महिन्यांत तेथे गाठी तयार करतात. कुत्रे खाल्लेले अन्न तसेच बाहेर टाकते, खंगत जाते. काही वेळा या गाठींचे रूपांतर कर्करोगातही होते. वारंवार अन्न बाहेर टाकणाऱ्या कुत्र्यास ‘काहीतरी खाल्ले असेल’ असे म्हणून सोडून न देता तपासून घ्यावे. कुत्र्यांची विष्ठा उचलून पुरल्यास या कृमीचे चक्र तुटते.

किडा की पिसाळ रोग?

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळले पाहिजे. लाळ गळणे, तोंड उघडे राहणे, गिळता न येणे, घशात काही अडकल्यासारखे वाटणे ही लक्षणे जशी किड्याच्या दंशात दिसतात, तशीच ती पिसाळ रोगात, म्हणजे रेबीजमध्येही दिसतात. या रोगाचा एक प्रकार शांत असतो. त्यात कुत्रे अंगावर धावून येत नाही; त्याचा खालचा जबडा लुळा पडतो, गिळण्याचे स्नायू निकामी होतात आणि ते केविलवाण्या नजरेने कोपऱ्यात बसून राहते. पाहणाऱ्याला वाटते, हाड अडकले किंवा किडा चावला. तो तोंडात हात घालतो. हातावर कोयत्याची ताजी चीर असते, उसाच्या पात्याने कापलेले असते. रेबीजचे विषाणू लाळेत असतात आणि अशा जखमेतून शरीरात शिरतात. रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाल्यानंतर माणूस बहुतेक कधीच वाचत नाही.

दोहोंतील फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. किड्याचा त्रास धडधाकट कुत्र्याला एकाएकी, पुष्कळदा कोणाच्या तरी डोळ्यांदेखत सुरू होतो. तो बहुधा काही तासांत उतरतो. कुत्रे माणसाला ओळखते, हाकेला प्रतिसाद देते. पिसाळ रोगात स्वभाव आधी बदलतो. माणसाळलेले कुत्रे तुसडे होते किंवा तुसडे कुत्रे अंगचटीला येते. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो. ते लाकूड, माती, दगड असे खाण्यायोग्य नसलेले पदार्थ चावते. दिवसेंदिवस अवस्था बिघडत जाते व लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः दहा दिवसांच्या आत ते मरते. तथापि ही पारख सामान्य माणसाला नेहमीच साधेल असे नाही. म्हणून नियम एकच : लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला मोकळ्या जागी, सावलीत, लांब दोरीने बांधावे, मुलांना दूर करावे, लांबून निरीक्षण करावे आणि पशुवैद्यकास कळवावे.

हात घातला गेलाच असेल, लाळ जखमेला, डोळ्याला अथवा ओठाला लागली असेल किंवा दात लागला असेल, तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. डोळ्यात किंवा ओठावर लाळ गेली असल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. चुना, मिरची, हळद, तेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती आता निराधार आहे. ती जुनी लस २००५ पासून देशात वापरात नाही. आजची लस दंडात, थोड्या मात्रांत दिली जाते. जखमेच्या स्वरूपानुसार डॉक्टर जखमेत वेगळे औषधही देतात. कुत्रे दहा दिवस जिवंत व निरोगी राहिले तर धोका टळला असे समजता येते. परंतु लस सुरू करण्यासाठी दहा दिवस थांबू नये.

ऊसतोड टोळीची अडचण येथेच असते. फड संपला की मुक्काम हलतो. कुत्रे मागे राहते, मात्रेची तारीख चुकते. यास्तव रुग्णालयातून मिळालेला कागद जपून ठेवावा. कामरेजला सुरू झालेली लस नंदुरबारच्या किंवा अन्य कोणत्याही सरकारी रुग्णालयात पुढे चालू ठेवता येते. मुकादमाने अशा माणसास मात्रेच्या दिवशी रजा द्यावी. एका दिवसाच्या मजुरीपेक्षा त्या मात्रेचे मोल फार अधिक आहे.

काय करू नये

कुत्र्याला ओकारी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नये. जास्त मिठाने विषबाधा होते. दूध किंवा तेल पाजल्याने विष उतरते हा समज चुकीचा आहे. काही विषे तेलाबरोबर अधिकच शोषली जातात. बेशुद्ध अथवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. अंगदुखीच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्यांनीही त्याचे यकृत, जठर किंवा मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

गाव सोडण्यापूर्वी

ही सर्व काळजी सोपी होण्याचा मार्ग गावातूनच सुरू होतो. ऊसतोडीस निघण्यापूर्वी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस व त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी पुन्हा, असा क्रम ठेवावा. त्याच वेळी जंताचे औषधही द्यावे. लसीची नोंद असलेला कागद बरोबर घ्यावा. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो कोपीत सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा. कामरेज परिसरातून नवसारी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार दूर नाही.

ग्रामसेवक व पशुधन पर्यवेक्षक यांनी स्थलांतराच्या आधी, म्हणजे दसऱ्यापूर्वी, ज्या वस्त्यांतून टोळ्या निघतात तेथे लसीकरणाचा दिवस ठेवल्यास मोठे काम साधेल. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. तो याच सुमारास येतो, हा सुयोगच म्हटला पाहिजे. १८८५ साली पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन वाचविले. त्याच वयाची मुले आज कोप्यांमध्ये कुत्र्यांच्या सोबतीने दिवस काढतात.

शिक्षकांनी वर्गात चर्चेसाठी पुढील प्रश्न घ्यावेत.

१. कुत्र्याने नाकतोडा खाल्ला व ते खेळत आहे. काय करावे?
२. गांधीलमाशी गिळल्यानंतर कुत्र्याचा चेहरा सुजला व श्वासात घरघर आहे. कोठे न्यावे व किती वेळात?
३. फवारणीनंतर कडुनिंबाखाली भुंगेरे पडले आहेत. त्यांचे काय करावे?
४. डब्यावरील लाल त्रिकोणाचा अर्थ काय?
५. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत आहे व घशात काही अडकल्यासारखे वाटते. मुलाने कोणती गोष्ट करू नये, आणि का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावे. राखण करणाऱ्या मुक्या जनावराची काळजी घेणे हे कर्तव्यच आहे. पण ती काळजी त्याच्या तोंडात हात न घालताही घेता येते, आणि तशीच ती घ्यावयाची असते.